पाय उचलला की अर्धी गाडी थांबते

नमस्कार श्रोतेहो. गाडीच्या विम्याची मुदत संपत आली की एजंटचा फोन येतो. हल्ली त्या फोनवर एक नवा प्रश्न असतो, "ताई, ते ॲप घेणार का? गाडी नीट चालवलीत तर हप्ता कमी बसेल." त्या ॲपबद्दल आज बोलायचंय.

जुलै २०२२ मध्ये विमा नियामकानं, म्हणजे इर्डाईनं, कंपन्यांना दोन नव्या पद्धतींची मुभा दिली. एक, जितकी गाडी चालवाल तितका हप्ता. दुसरी, जशी चालवाल तसा हप्ता. पहिलीत किलोमीटर मोजतात, दुसरीत तुमचा हात आणि पाय.

मी दुसरी घेतली. फोनवर ॲप घातलं, फोन स्टँडला लावला आणि पुण्याहून वाईला मामांकडे निघाले. माझ्या मामांनी तीस वर्षं एसटी चालवली. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन पाचगणीला गेले. येताना संध्याकाळी पसरणीचा घाट मीच उतरवला. मामा शेजारी बसलेले. बोलले काही नाहीत, पण त्यांचा उजवा पाय प्रत्येक वळणावर मॅटवर दाबला जात होता. ते मला दिसत होतं.

वाईत गाडी लावली, ॲप उघडलं. शंभरपैकी एकसष्ट गुण. एका घाटात नऊ वेळा 'जोराचा ब्रेक'! मला फार लागलं ते. वीस वर्षं गाडी चालवतेय, कुणाला साधा ओरखडा नाही काढला. मामांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय. उद्या परत जाऊ."

सकाळी आम्ही पुन्हा पाचगणी गाठली. उतरताना स्टिअरिंगवर मामा. घाट सुरू व्हायच्या आधीच त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. "ज्या गिअरमध्ये चढलीस, त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिनच गाडी धरून ठेवतं." वळण यायच्या कितीतरी आधी त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठायचा. "पाय उचलला की अर्धी गाडी थांबते, पोरी. ब्रेक राहिलेल्या अर्ध्यासाठी. आणि पुढच्या गाडीकडे बघू नकोस, तिच्याही पुढची बघ." खाली आलो तेव्हा जोराचा ब्रेक एकच नोंदला होता. तोही एका बिनपट्ट्याच्या गतिरोधकावर.

त्या गतिरोधकांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. गावोगावी, सोसायट्यांमध्ये, वाटेल तिथे डांबराचे उंचवटे घालतात, त्यावर ना पांढरे पट्टे, ना आधी फलक. दुचाकीवर मागे बसलेली बाई मूल घेऊन उडते. पट्टे मारायला असा किती रंग लागतो? असो.

तर ॲपला हे कळतं कसं? फोन आडवा केला की पडदा आपोआप आडवा होतो ना? फोनचा कल आणि हिसका ओळखणारा तो भाग. गाडीला बसलेला झटका त्यालाच कळतो. वेग आणि जागा जीपीएसवरून. गाडी चालू असताना फोन हातात घेतलात तर बहुतेक ॲप तेही टिपतात. पण गाडी कोण चालवतंय हे फोनला हमखास कळत नाही. एकदा मी वाई ते पाचवड वडापनं गेले, तर त्या जीपवाल्याचे सगळे हिसके माझ्या नावावर! त्या फेरीत 'प्रवासी' अशी खूण केली तेव्हा गुण परत आले. म्हणून आठवड्यातून एकदा फेऱ्यांची यादी बघत जा.

आता पैशांचं. ही सूट मिळते ती फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर. पुन्हा सांगते, फक्त ओन डॅमेजवर. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा दर सरकार ठरवतं, तो ॲपनं हलत नाही. जून २०२२ पासूनच्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला थर्ड पार्टीचे वर्षाला ३,४१६ रुपये होते. मामांसारखा घाट उतरवणारालाही तेवढेच. गाडी जुनी होते तशी तिची किंमत घटते, ओन डॅमेजचा हप्ताही उतरतो, मग सवलतीची रक्कम आणखी लहान होते. त्यापेक्षा नो क्लेम बोनस मोठा. एक वर्ष क्लेम नसेल तर वीस टक्के सूट, सलग पाच वर्षं नसेल तर पन्नास. तोही ओन डॅमेजवरच. बंपरच्या ओरखड्यासाठी क्लेम टाकून तो घालवू नका.

आणि घेण्याआधी एजंटला विचारा, लेखी विचारा: गुण कमी पडले तर हप्ता वाढतो, की नुसती सूट जाते? माझ्या फेऱ्यांची नोंद किती दिवस ठेवता? अपघात झाला तर क्लेमच्या वेळी ती वापरता का? तुम्ही रोज कुठे जाता, किती वाजता परतता, हे सगळं त्या नोंदीत असतं. उत्तर लेखी मिळालं नाही तर मी तरी सही करणार नाही. गाडी महिन्यातून चारदाच बाहेर पडत असेल तर किलोमीटरवाली पद्धत बघा, तिथे पायाचा हिशेब नाही.

मामांचा दर रविवारी फोन येतो. तब्येत, पाऊस, हळदीचा भाव, सगळं झालं की शेवटी विचारतात, "किती पडले?" परवा अठ्ठ्याऐंशी सांगितले. म्हणाले, "बारा कुठे गेले?"

नमस्कार.