डाव्या पायाचा भाला

(पडद्यावर: गोव्यातलं बांबोळीचं अॅथलेटिक्स स्टेडियम. नुकतं उजाडलंय.)

बांबोळीचं पठार. अजून सात वाजायचेत. महामार्गावरून पणजीच्या बसगाड्या धावायला लागल्यात, मेडिकल कॉलेजच्या इमारतींतले दिवे मात्र विझलेले नाहीत. पेडण्याहून पहिल्या बसने आलेला सोळा वर्षांचा एक मुलगा भाल्याच्या मुठीवरची दोरी अंगठ्याने चाचपतोय. दवाने ती ओलसर झालीय. तो तळवा बनियनला पुसतो, पुन्हा मूठ धरतो, पुन्हा पुसतो.

त्याच्या वयोगटाचा भाला 700 ग्रॅमचा. पुढे वीस वर्षांखालच्या गटात गेला की 800 ग्रॅमचा, म्हणजे ऑलिंपिकमध्ये असतो तोच.

मुलगा धावतो. फेकतो. भाला हवेत असतानाच मागून आवाज येतो, “डावा! अरे, डावा गुडघा परत वाकला तुझा!”

मुलगा मान डोलावतो. “होय सर.” आज सकाळपासून पाचव्यांदा.

(पडद्यावर: भात कापून मोकळी झालेली शेतं, फुटबॉल खेळणारी मुलं.)

गोव्यात भाताची कापणी झाली की शेतं फुटबॉलची होतात. दोन दगड ठेवले की गोल तयार. भाल्याचं तसं नाही. त्याला शंभरेक मीटर मोकळी जागा लागते आणि त्या जागेत दुसरं कोणीही असून चालत नाही. म्हणून गावात चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, काठी फेकून हात तयार झालेल्या मुलालाही शेवटी बांबोळी गाठावी लागते. 2014 च्या लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीजभाषी देश-प्रदेशांच्या स्पर्धांतलं अॅथलेटिक्स याच मैदानावर झालं, 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतलं अॅथलेटिक्सही इथेच. त्यात पावसाळा. जून ते सप्टेंबर धावपट्टी निसरडी, मग छपराखाली भिंतीवर मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, आपटत बसायचं.

या मुलाच्या मोबाईलमध्ये एक व्हिडिओ आहे. किती वेळा पाहिला, त्यालाही सांगता येणार नाही.

(पडद्यावर: पोलंडचा नकाशा, बिदगोश्च शहर.)

23 जुलै 2016. वीस वर्षांखालील जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा. पुरुषांच्या भालाफेकीची अंतिम फेरी. धावपट्टीच्या टोकाला पानिपतजवळच्या खांद्रा गावचा अठरा वर्षांचा नीरज चोप्रा. तीन वर्षांपूर्वी, 2013 मध्ये, युक्रेनमधल्या दोनेत्स्कला तो जागतिक युवा स्पर्धेत उतरला होता. तेव्हा अंतिम फेरीही गाठता आली नव्हती.

पहिली फेक 79.66 मीटर. दुसरी 86.48.

वीस वर्षांखालचा जागतिक विक्रम तोवर लात्व्हियाच्या झिगिस्मुंड्स सिरमाईसच्या नावावर होता, 84.69 मीटर. तो पावणेदोन मीटरहून जास्त अंतराने मोडला. रौप्य मिळवणारा दक्षिण आफ्रिकेचा योहान ग्रोब्लर 80.59 वर राहिला. तिसरा आला ग्रेनाडाचा अँडरसन पीटर्स. हाच पीटर्स पुढे 2019 आणि 2022 ला वरिष्ठ गटात जगज्जेता झाला. फेक किती मोठी होती, ते यावरून समजावं. अॅथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धेत, कोणत्याही वयोगटात, भारताला मिळालेलं हे पहिलं सुवर्ण.

आणि तरीही नीरज त्या वर्षी रिओला गेला नाही. ऑलिंपिकची पात्रता 83 मीटर होती, पण मुदत 11 जुलैला संपली होती. बारा दिवस! रिओत कांस्यपदक 85.38 मीटरवर गेलं. आजही हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की जीव हळहळतो.

(पडद्यावर: संथ गतीत धावणारा भालाफेकपटू, फक्त कमरेखालचा भाग.)

आता हात बघू नका, पाय बघा. आधी सरळ धाव. मग अंग आडवं, भाला मागे, पावलं एकमेकांना ओलांडत. मग उजवा पाय टेकतो आणि लगेच त्याच्यापुढे डावा रोवला जातो. टाच आधी, गुडघा ताठ. भालाफेकीच्या बुटांना टाचेखालीही खिळे असतात, ते याचसाठी.

भरधाव कदंब बसला अचानक ब्रेक लागला की उभा माणूस पुढे फेकला जातो. इथे तेच होतं. पाय थांबतो, कंबर थांबते, आणि धावेचा सगळा वेग छातीतून खांद्यात, खांद्यातून कोपरात, कोपरातून भाल्यात जातो. उत्तम फेकीत भाला हातातून सुटतो तो ताशी शंभर किलोमीटरच्या वर. एकट्या दंडाच्या ताकदीचं हे काम नाही. गुडघा वाकला तर ब्रेक अर्धवट लागतो, आणि जे पायाने द्यायचं ते मग कोपराकडून वसूल होतं.

कोपराचं हे दुखणं थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. 2019 मध्ये नीरजच्या उजव्या कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि ते वर्ष जवळपास वाया गेलं. त्यानंतर टोकियोचं सुवर्ण. 2025 ला दोह्यात 90.23 मीटर. आमच्या शालेय स्पर्धांत मात्र फक्त फीत बघितली जाते. पोराने खांद्याच्या जोरावर पन्नास मीटर मारले की टाळ्या, पाय कसा पडला ते कोणी विचारत नाही. हे बदललं पाहिजे, आणि ते तालुक्याच्या पातळीवर, मुलाचा हात शाबूत असतानाच बदललं पाहिजे.

(पडद्यावर: पुन्हा बांबोळी. ऊन वर आलंय.)

अकरावी फेक. मुलगा खुणेवर उभा राहतो. ओठ हलतायत, पावलं मोजतोय. धाव. आडवी पावलं. टाचेचा ठणठणीत आवाज. भाला सुटतो आणि तो स्वतः एका पायावर झेपावत, हात पसरून, पांढऱ्या रेषेच्या अलीकडे कसाबसा सावरतो. रेषेला बोट जरी लागलं असतं तरी फेक बाद.

दुसरा एक मुलगा फीत घेऊन धावतो. सर तिकडे बघतही नाहीत. मोबाईलवर काढलेलं चित्रण ते मागे घेतात, थांबवतात, दोन बोटांनी मोठं करतात.

“राहिला,” ते म्हणतात. “ताठ राहिला.”

मुलाला ते ऐकू गेलेलं नाही. तो भाल्याकडे निघालाय. गवतात रुतलेला भाला तो उपटतो, टोक खाली करून उभा धरतो आणि चालतच परत येतो. टोकाला तांबडी माती चिकटलीय. ती तो नखाने खरवडून काढतो, तळवा बनियनला पुसतो आणि पुन्हा मुठीवरची दोरी चाचपतो.