आहेराची वही आणि न फिटलेली देणी

मित्रहो, पत्रिकेवर माझा विषय ‘पैशावाचूनचा व्यवहार आणि सहकाराचे पर्याय’ असा छापला आहे. हा विषय बडोद्यात मांडायचा म्हणजे थोडे धाडसच आहे, कारण ज्या मांडवीत १९०८ साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा उभी केली, त्या मांडवीपासून चालत येण्याच्या अंतरावर आपण बसलो आहोत. तेव्हा आरंभीच सांगतो की पैशाशी माझे वैर नाही. पैशाचा मोठा गुण हा की तो व्यवहार जागच्या जागी संपवतो. दाम मोजले की देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांपासून मोकळे होतात. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या समाजात सगळेच सगळ्यांपासून मोकळे झाले, तेथे अडीअडचणीला कोणाचे दार वाजवायचे, हा प्रश्न उरतो.

हल्ली लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ अशी ओळ हमखास असते, आणि ती वाचली की माझा जीव चडफडतो. पूर्वी मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून घरचा एखादा विश्वासू माणूस वही घेऊन बसे आणि नाव, गाव, रक्कम किंवा भांडे यांची नोंद करी. आपले गुजराती शेजारी याला ‘चांल्लो’ म्हणतात आणि त्यांच्या वह्या आपल्यापेक्षा नीट असतात. दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी मंडळींनी हे मनाला लावून घेऊ नये. वहीचे खरे काम लग्न उरकल्यानंतर सुरू होई. कोणाकडे मुंज निघाली की आमची आजी वही काढायला लावी, त्यांनी काय केले होते ते पाही आणि त्याहून थोडे जास्त करी. त्या घरी बरे दिवस नसतील तर आधीच जाऊन तांदूळ पोचवी आणि वहीत मात्र त्याची नोंद करू देत नसे. एकावन्न किंवा एकशे एक यांतला वरचा एक रुपया पुढच्या हिशेबाचा आरंभ असतो, असे ती म्हणे. आमच्या नात्यातल्या एका सद्गृहस्थांनी आम्ही केलेला अकरा रुपयांचा आहेर आठवड्याच्या आत, बरोबर अकरा रुपयांच्या मनीऑर्डरीने, परत केला. आपण चोख वागलो असे त्यांना वाटले असणार. आमच्या घरात मात्र ती मनीऑर्डर दोन पिढ्या गाजली, कारण ‘आता तुमचे आमचे काही उरले नाही’ हाच तिचा अर्थ सर्वांनी घेतला. (आपण हसता आहात, म्हणजे अशी मनीऑर्डर आपल्याकडेही आली असावी.)

हे केवळ आपल्याकडचे वेड नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर पाहिलेल्या ‘कुला’ व्यवहारात शिंपल्यांचे हार एका दिशेने आणि कंकणे उलट दिशेने बेटाबेटांतून फिरत असत. हाती आलेली वस्तू कायमची ठेवून घ्यायची नसे, आणि परतभेट ताबडतोब मागायचीही नसे. आपल्या शेतकऱ्यांची सावड किंवा इर्जिक याच जातीची आहे: आज तुमच्या नांगरटीला माझे बैल, उद्या माझ्या पेरणीला तुमची माणसे, आणि मजुरीच्या जागी जेवण.

येथे कोणी बलुत्याची आठवण करून देईल, आणि ती रास्तच आहे. खळ्यावर धान्याचा वाटा घेऊन वर्षभर गावाची कामे करणाऱ्याला त्या देण्याघेण्यातून बाहेर पडण्याची मुभा नव्हती. महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. त्या माणसाच्या हाती पडणारी रोख मजुरी ही सुटका होती. म्हणून ज्या बांधिलकीतून उठून जाता येत नाही, तिला मी परस्परसाहाय्य म्हणणार नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि जाहीर केलेला विषय अजून उरलाच आहे, तेव्हा धावतच सांगतो. बांधिलकी ठेवायची आणि जोखड टाळायचे, यासाठी माणसांनी स्वेच्छेच्या मंडळ्या काढल्या. १८८९ साली याच शहरात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहायकारी मंडळी स्थापन केली, म्हणजे सरकारचा सहकारी पतसंस्थांचा कायदा येण्याच्या पंधरा वर्षे आधी. ती पुढे बँक झाली आणि शेवटी बंद पडली, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. जर्मनीत राइफायझन यांच्या ग्रामीण पतपेढ्यांत एकाच्या कर्जाला सगळे सभासद अमर्याद जबाबदार असत, त्यामुळे कर्ज ओळखीच्या माणसालाच मिळे.

१९३२ साली ऑस्ट्रियातल्या व्हर्गल गावाने दरमहा एक टक्का मोल गमावणाऱ्या नोटा काढल्या, जेणेकरून कोणी त्या दाबून ठेवू नयेत. मध्यवर्ती बँकेने पुढच्याच वर्षी त्या बंद पाडल्या. स्वित्झर्लंडमध्ये १९३४ साली व्यापाऱ्यांनी सुरू केलेले ‘वीर’ हे परस्पर उधारीचे मंडळ मात्र टिकले. जपानमध्ये ‘फुरेआई किप्पू’ या पद्धतीत वृद्धांच्या सेवेचे तास जमा होतात आणि दूरच्या गावी राहणाऱ्या स्वतःच्या आईवडिलांसाठी ते वापरता येतात.

ज्यांची मुले पुण्यात किंवा अमेरिकेत आहेत अशी घरे रावपुऱ्यात आणि दांडिया बाजारात थोडी नाहीत. त्यांच्यासाठी तासांची अशी वही आपणही काढू शकतो: दवाखान्यात सोबत, बँकेतली खेप, मुलाची शिकवणी, सगळ्यांचा तास सारखाच. कोणाचेही नाव त्याच्या इच्छेने येईल आणि इच्छेने निघेल, आणि वही वर्षातून एकदा सभेत मोठ्याने वाचली जाईल. एवढे तास माझ्याकडून देणे आहेत हे चारचौघांत ऐकल्यावर फेडायला उशीर करणे आपल्या माणसाला जमत नाही. डॉक्टरांचा तास आणि माझा तास सारखा कसा, असे पुढच्या रांगेतून कोणी पुटपुटल्याचे मी ऐकले. त्यावर वाद घालायला मी बाहेर चहापाशी उभा आहे.