हेवीचं लायसन

(दृश्य: सकाळ. मैदानात उभी असलेली प्रशिक्षणाची बस. मागच्या काचेवर लाल रंगातला 'एल'. चालकाच्या सीटवर एसटीसाठी हेवी, म्हणजे अवजड वाहन, शिकणारी महिला.)

पहिली पायरी जवळजवळ गुडघ्याएवढी. आधी दांडा धरायचा, मग पाय टाकायचा. सीट पुढे ओढलेली, पाठीशी उशी. उशीला इथे कुणी हसत नाही. क्लच तळापर्यंत दाबला जातो का, सर तेवढंच बघतात.

किल्ली फिरवली म्हणून बस निघत नाही. हा काटा बघा, हवेचा. ब्रेक हवेवर चालतात, त्यांच्या टाक्या भरेपर्यंत थांबायचं. कार चालवलेल्या हाताला हे थांबणं अवघड जातं.

(हवा सुटल्याचा आवाज. तो संपेपर्यंत निवेदन नाही.)

भरली. आता हँडब्रेक सोडायचा.

(दृश्य: महामार्गावरचा ढाबा, रात्र. ट्रकची रांग.)

महाराष्ट्रात हेवी शिकायची शाळा म्हणजे ट्रकची डावी सीट. पोरगा किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढायचा. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकून हवा ओळखायची, ताडपत्रीचे दोर आवळायचे, घाटात गाडी बंद पडली की चाकामागे दगड लावायचा. गाडी मागे घेताना खाली उतरून 'येऊ दे, येऊ दे' म्हणत फाळक्यावर, म्हणजे मागच्या झडपेवर, थाप मारायची. मग एखाद्या रात्री मोकळा रस्ता बघून ड्रायव्हर बाजूला सरकायचा आणि स्टिअरिंग पोराच्या हाती यायचं. लायसन मागाहून. शाळा चांगली होती असं म्हणवत नाही, पण दुसरी होती कुठे? मुलींना मात्र तिथे प्रवेश नव्हता. कायदा त्यांच्या आड कधीच आला नाही, आड आली ती ही ढाब्यावरची रात्र.

कागदावरची वाट सरळ आहे. वय 20 पूर्ण, हलक्या गाडीचं लायसन घेऊन एक वर्ष झालेलं, डॉक्टरचा दाखला. मग हेवीचं शिकाऊ लायसन, आणि पक्क्यासाठी मोटार ट्रेनिंग स्कूलचं प्रमाणपत्र. आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये निघाली. शाळेने शिकवायचं ते किमान 30 दिवस, आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवायची किमान 15 तास. अकरा-बारा मीटरची बस पंधरा तासांत कळते का, ते ज्याने त्याने अशा बसच्या शेजारून दुचाकी नेताना ठरवावं.

एसटीत चालक व्हायचं तर पुरुषांना अवजड वाहनाचा 3 वर्षांचा अनुभव लागायचा. तो येणार त्या डाव्या सीटवरूनच. महामंडळाने महिलांसाठी अट बदलली: हलक्या गाडीचं लायसन आणा, हेवी आम्ही शिकवू. उंचीची अटही 160 सेंटिमीटरवरून 153 वर आणली. उशी आली ती तिथून.

(दृश्य: मैदान. लाल-पांढरे कोन. वरून घेतलेला शॉट.)

वरून नीट दिसतं. पुढची चाकं ज्या रेघेवरून गेली, मागची तिथून येत नाहीत, आत कापतात. म्हणून बस आधी सरळ पुढे काढायची, वाटतं त्याहून उशिरा वळवायची आणि डावा आरसा सोडायचा नाही.

(कोन आडवा होतो.)

पडला. "तो कोन नाही, चौकात डावीकडून घुसलेला पोरगा आहे," सर खिडकीतून सांगतात. कोन उभा करायचा. पुन्हा.

(दृश्य: दिवे घाट, उतार. सलग शॉट.)

हा शॉट आम्ही कापलेला नाही. चढताना जो गिअर लागला, उतरताना तोच. पाय सतत ब्रेकवर राहिला तर ब्रेकचे लायनर तापतात, पकड जाते, वर हवाही खर्च होते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे ड्रायव्हर तुम्ही पाहिले असतील. ती सवय लागायच्या आत इथे मोडतात. वळणावर चालवणारीचा डावा हात बघा. गिअरच्या दांड्याला हात लागत नाही. इंजिनच गाडी धरून ठेवतंय.

(दृश्य: ट्रायल. मोटार वाहन निरीक्षक हातात कागद घेऊन उभे.)

मागे घ्या, एवढंच सांगितलंय. दोन खांब, मधे जागा, आणि 'येऊ दे' म्हणायला खाली कुणी नाही. आरसा उजवा, आरसा डावा. थांबली. थोडी पुढे घेतली. हे चालतं, अंदाजाने ढकललेलं चालत नाही.

(बस दोन खांबांच्या मधे येऊन थांबते.)

हे लायसन पाच वर्षांचं असतं, नूतनीकरणाला पुन्हा डॉक्टरचा दाखला. प्रवासी न्यायचे तर बिल्ला वेगळा. एसटीची स्वतःची चाचणी आणखी वेगळी, भोसरीच्या संगणकीकृत ट्रॅकवर.

2019 मध्ये पुण्यात दीडशेहून जास्त महिलांच्या प्रशिक्षणाचा प्रारंभ झाला. मग कोरोना, मग संप. जून 2023 मध्ये अर्चना आत्राम यांनी सासवड–नीरा मार्गावर प्रवासी घेऊन एसटी नेली. नेमणुकीच्या कागदावर पद असतं 'चालक तथा वाहक'. त्यामुळे ड्युटी लावणाऱ्याच्या मनात असेल तर हेवीचं लायसन खिशात ठेवून दिवसभर तिकिटंही फाडावी लागतात.