मोकळा, पण मोकाट नव्हे: लंडनच्या उद्यानांत कुत्र्याचा पट्टा काढताना

(दृश्य: उत्तर लंडनमधील हॅम्पस्टेड हीथ हे माळरान, नोव्हेंबरमधील सकाळ. पार्लमेंट हिलच्या उतारावर दव. एक तपकिरी कुत्रा टेकडीच्या कडेपर्यंत धावत जातो, थांबतो आणि मागे वळून पाहतो.)

मराठीत ‘मोकळा’ आणि ‘मोकाट’ हे दोन शब्द कानाला जवळचे वाटले, तरी त्यांच्यातले अंतर गुराख्याला नेमके ठाऊक असते. मोकळे सोडलेले जनावर हाकेच्या टप्प्यात चरते; मोकाट सुटलेल्या जनावराची जबाबदारी घ्यायला कोणी पुढे येत नाही. लंडनसारख्या दाट वस्तीच्या शहरात कुत्र्याचा पट्टा काढता येईल असे उद्यान शोधताना हाच फरक पावलोपावली लक्षात ठेवावा लागतो. कडेला पोहोचल्यावर धन्याकडे वळून पाहणारा हा कुत्रा मोकळा आहे.

आपल्याकडील अनेक महापालिका उद्यानांच्या फाटकावर कुत्र्यांना प्रवेश नसल्याची पाटी असते. त्यामुळे महाराष्ट्रातून येथे राहायला आलेल्या कुटुंबाला लंडनच्या हिरवळीवर धावणारे कुत्रे पाहून वाटते की येथे सगळेच चालते. प्रत्यक्षात तसे नाही. इंग्लंडमध्ये प्रत्येक उद्यानात कुत्रा पट्ट्यानेच धरावा असा सरसकट कायदा नसला, तरी २०१४ च्या एका कायद्यान्वये स्थानिक परिषदा आपापल्या हद्दीतील सार्वजनिक जागांसाठी आदेश काढतात. कोठे पट्टा हवा, कोठे कुत्र्याला प्रवेशच नाही, हे त्यांत लिहिलेले असते आणि ते मोडल्यास जागेवर १०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांविषयीच्या कायद्याप्रमाणे तर कुत्र्याने कोणाला चावण्याचीही गरज नसते. तो आवरण्यापलीकडे गेला आणि आपल्याला इजा होईल अशी रास्त भीती समोरच्या माणसाला वाटली, तरी धन्यावर खटला भरता येतो. म्हणून फाटकाजवळच्या फलकापाशी थांबून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे, हे उद्यान निवडण्यातले पहिले काम आहे.

(दृश्य: फाटकावरील फलक. गळपट्ट्यातील बिल्ला जवळून.)

सार्वजनिक जागी कुत्र्याच्या गळपट्ट्यावर धन्याचे नाव आणि पत्ता असावा, असा १९९२ पासूनचा नियम आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१६ पासून आठ आठवड्यांवरील कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवणेही बंधनकारक आहे. हरवलेला कुत्रा घरी परतण्याची आशा बहुतेक वेळा या दोन गोष्टींवरच टिकून असते.

हॅम्पस्टेड हीथ सुमारे ३२० हेक्टरांवर पसरलेली आहे आणि १९८९ पासून तिची देखरेख सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे आहे. कुत्र्याला ही जागा मानवते याचे कारण केवळ तिचा विस्तार नव्हे. येथे कापून-छाटून सपाट केलेली हिरवळ थोडी आणि उंच गवत, झुडपे, जुनी झाडे, ओहोळ अधिक आहेत, त्यामुळे कुत्र्याला धावण्याइतकेच हुंगायलाही मिळते. माझ्या मते कुत्र्याचे खरे फिरणे नाकाने होते, आणि अर्ध्या तासाच्या चेंडूफेकीपेक्षा वीस मिनिटांचे निवांत हुंगणे त्याला अधिक तृप्त करते. मोकळ्या उतारांवर दुरून येणारी माणसे, मुले आणि दुसरे कुत्रे वेळीच दिसतात, तर दाट झाडीत वळणावर कोण भेटेल याचा नेम नसतो. म्हणून नवख्या कुत्र्याला आधी उतारावर सोडावे आणि झाडीत शिरताना पुन्हा पट्टा लावावा.

हीथवरील तळ्यांबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. येथे माणसांच्या पोहण्यासाठी तीन तळी आहेत, एक तळे पक्ष्यांसाठी राखलेले आहे आणि कुत्र्यांना काही ठरावीक पाण्यातच उतरता येते. पिसवा आणि गोचीड मारण्यासाठी कुत्र्याच्या मानेवर जे औषध टाकतात, त्यातील इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल ही कीटकनाशके या तळ्यांच्या पाण्यात आढळली आहेत. चतुराच्या अळ्या आणि पाण्यातील इतर किडे यांना ती घातक असतात, आणि त्याच किड्यांवर तळ्याकाठच्या पक्ष्यांची पिल्ले वाढतात. औषध टाकल्यानंतर कुत्र्याला पाण्यात जाऊ न देणे हे धन्याच्या हाती आहे, आणि ते त्याने केलेच पाहिजे असे मला मनापासून वाटते. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवी साय दिसली, तर ते पाणी कुत्र्याच्याच जिवावर बेतू शकते. तेथे त्याला पिऊही देऊ नये.

(दृश्य: रिचमंड पार्क. धुके, जुने ओक वृक्ष, दूरवर हरणांचा कळप.)

राजा पहिला चार्ल्स याने १६३७ मध्ये शिकारीसाठी भिंत घालून बंदिस्त केलेले रिचमंड पार्क आज सुमारे २,५०० एकरांचे आहे आणि त्यात रेड व फॅलो या दोन जातींची मिळून सहाशेहून अधिक हरणे मोकळी वावरतात. नोव्हेंबर २०११ मध्ये येथे एक लॅब्रेडॉर हरणांच्या कळपामागे लागला. त्याचे ‘फेंटन’ हे नाव घेत व्याकूळ होऊन ओरडणारा धनी आणि रस्ता ओलांडून उधळलेला कळप, अशी ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. लोक हसले. पण घाबरलेले हरिण रस्त्यावर येते तेव्हा मोटारीखाली येण्याची भीती हरणालाही असते आणि मागे धावणाऱ्या कुत्र्यालाही, म्हणून ती चित्रफीत मला कधीच गमतीची वाटली नाही.

मे ते जुलै हा हरिणींच्या वेताचा काळ असतो. आई पाडसाला ब्रॅकन नावाच्या उंच नेच्याच्या दाटीत लपवून चरायला जाते आणि पाडस निश्चल पडून राहते. कुत्रा जवळ फिरकला, तर हीच हरिणी त्याच्यावर चालून येते. कुत्रा त्या वेळी काही खोडी काढत नसला तरीही. या तीन महिन्यांत येथे कुत्र्याला पट्ट्यानेच धरावे लागते. शरद ऋतूत नर माजावर येतात, तेव्हाही हरणांपासून किमान ५० मीटर दूर राहावे, असे उद्यानाचे सांगणे आहे. शिवाय वसंतापासून येथील गवतात स्कायलार्क, म्हणजे आपल्या चंडोलाचा भाऊबंद, जमिनीवरच घरटे करतो. कुत्र्याच्या पायाखाली अंडी फुटली किंवा पक्षीण वारंवार उठवली गेली, तर घरटे वाया जाते. लंडनच्या पूर्वेकडील वॉन्स्टेड फ्लॅट्स येथे याच कारणासाठी विणीच्या हंगामात गवताचे काही भाग कुंपण घालून बंद केले गेले आहेत. कुत्र्याला वर्षभर धावण्यासाठी इतर जागा असतात. त्या पक्ष्याला दुसरी जागा नाही, हे ध्यानात घेतले तर या बंधनाबद्दल तक्रार करवत नाही.

रिचमंडच्या गवतात गोचिडी आहेत आणि त्यांच्यामुळे लाइम हा आजार माणसालाही होऊ शकतो. घरी परतल्यावर कुत्र्याच्या कानामागे, काखेत आणि बोटांच्या बेचक्यात हात फिरवून पाहावे. त्याच वेळी कुसळेही सापडतात. जून-जुलैत वाळलेल्या गवताचे एखादे कुसळ कानात किंवा पंजात शिरले, तर ते पुढेच सरकत जाते आणि पशुवैद्याकडे धाव घ्यावी लागते. ओक वृक्षांवर रांगेने चालणारे प्रोसेशनरी मॉथ या पतंगाचे सुरवंट २००६ पासून लंडनमध्ये आढळत आहेत. त्यांचे केस खाजकुयलीसारखे झोंबतात, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओकच्या बुंध्यापाशी कुत्र्याला रेंगाळू देऊ नये.

(दृश्य: मोकळ्या माळावर दहा मीटर लांबीचा दोर लावलेले कुत्र्याचे पिल्लू. शिटीचा आवाज.)

एवढे सारे जुळूनही कुत्रा हाकेला परतत नसेल, तर कोणतेही उद्यान त्याच्यासाठी योग्य नाही. पिल्लाला आधी लांब दोर लावून शिकवतात: शिटी वाजली की वळायचे, आले की खाऊ मिळायचा आणि लगेच पुन्हा सुटका व्हायची. घरी जायच्या वेळीच बोलावत राहिले, तर हाक म्हणजे खेळाचा शेवट हे त्याला दोन दिवसांत कळते.

(दृश्य: रॉबिन हूड गेट. वाहनांची वर्दळ. पलीकडे झाडी.)

एक मे उजाडला की रिचमंडच्या या फाटकाशी पट्टा हातातच ठेवायचा. ए-३ हा रहदारीचा रस्ता ओलांडला की पलीकडे विम्बल्डन कॉमन लागते. १८७१ च्या कायद्याने राखलेल्या या विम्बल्डन-पुटनीच्या माळरानाचा विस्तार सुमारे १,१४० एकर आहे. येथील गोल्फ खेळणाऱ्यांना नियमाने लाल रंगाचा अंगरखा घालावा लागतो, त्यामुळे चेंडू कोठून येईल याचा अंदाज धन्याला दुरूनच बांधता येतो. घोडेस्वारांची वाट आडवी येते, तेथे कुत्र्याला जवळ बोलावून बसवायचे, घोडा पुढे जाऊ द्यायचा आणि मग पुन्हा पट्टा काढायचा.