टेलच्या शेतकऱ्याचा आमदार

(दृश्य : टेंभूचा बंधारा, पहिल्या टप्प्याचं पंपगृह, टेकडीवर चढत गेलेल्या लोखंडी नळ्या)

कऱ्हाडपासून खाली, टेंभू गावाजवळ कृष्णा अडवली आहे. इथून पाणी उचलायचं, टेकडीवर चढवायचं, वितरण कुंडात सोडायचं, तिथून कालव्यानं पुढं न्यायचं आणि चढ आला की पुन्हा उचलायचं. असे पाच टप्पे. पंप चालू असताना नळीवर तळहात ठेवला, तर आत चढणाऱ्या पाण्याची थरथर कोपरापर्यंत जाणवते. मूळ मंजूर आराखड्यात या योजनेला सुमारे 22 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आणि सातारा, सांगली, सोलापूर या तीन जिल्ह्यांतली 80 हजार हेक्टर जमीन. कडेगाव, खानापूर, आटपाडी असं करत हे पाणी अखेरीस सांगोल्यात पोहोचतं.

टेंभूच्या नकाशात सांगोला शेवटी. नीरा उजव्या कालव्याच्या नकाशातही सांगोला शेवटीच. वरच्या तालुक्यांत उसाला पाण्याच्या पाळ्या होतात, आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी दाऱ्यावर रात्र काढून कोरडा पाट बघत बसतो. अशा तालुक्यानं एकच माणूस 11 वेळा विधानसभेवर पाठवला. भाई गणपतराव देशमुख. तालुक्यातल्या लहानथोरांचे आबासाहेब.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं, विधानसभेचं सभागृह)

30 जुलै 2021 ला आबासाहेब गेले. त्या दिवशी सगळ्या बातम्यांनी विक्रम सांगितला : 11 विजय, एकच मतदारसंघ, एकच पक्ष. विक्रम मोठा आहेच. पण हा विक्रम कशावर उभा राहिला ते समजायचं तर पाण्याच्या वाटेनं चालावं लागतं, आणि आम्ही कॅमेरा घेऊन त्याच वाटेनं गेलो.

मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर. कायद्याचं शिक्षण पुण्यात. वकिलीसाठी सांगोल्यात आले आणि इथलेच झाले. पक्ष शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून काढलेला, 1950 च्या दाभाडी प्रबंधानं, म्हणजे मार्क्सवादी भूमिका मांडणाऱ्या पक्षाच्या दस्तऐवजानं, डाव्या वाटेला लागलेला लाल बावट्याचा पक्ष. 1962 ला महाराष्ट्र राज्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली. 264 पैकी 215 जागा काँग्रेसनं जिंकल्या. शेकापला मिळाल्या 15. त्या 15 जणांत सांगोल्याचा हा तरुण वकील होता.

सत्तेचा रेटा इतका असताना विरोधी बाकावरचा आमदार करणार काय? त्याच्या हाती असतात तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा. ही हत्यारं साधी दिसतात, पण ती चालवायची तर अंदाजपत्रकाचं पान न पान वाचावं लागतं. कुठल्या कामाला किती तरतूद झाली, त्यातला किती निधी परत गेला, कुठल्या पाझर तलावाचं काम कागदावर पूर्ण आणि जागेवर अर्धं, हे माहीत असावं लागतं. कामकाज सुरू व्हायच्या आधी हजर आणि संपल्यावर बाहेर, मधल्या वेळात विधिमंडळाचं ग्रंथालय, ही गणपतरावांची ख्याती होती. पुढं मुख्यमंत्री आणि अध्यक्ष कुठल्याही पक्षाचे असोत, नियमावलीवर वाद झाला की सभागृह त्यांच्याकडं बघायचं.

(दृश्य : सांगोला बसस्थानक; एसटीतलं आमदार-खासदारांसाठी राखीव आसन, जवळून)

एसटीच्या गाडीत आमदारांसाठी आसन राखीव असतं, हे आज बऱ्याच प्रवाशांच्या लक्षातही येत नाही. गणपतरावांनी ते आसन वर्षानुवर्षं वापरलं. सांगोला ते मुंबई एसटीनं. गाडीत माणसं भेटायची, गाऱ्हाणं तिथंच सांगायची. त्यांच्या निवडणुकीला लोक वर्गणी काढायचे. आज हे ऐकायला दंतकथेसारखं वाटतं. म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगितलं पाहिजे, कारण ते आपल्याच राज्यात, आपल्याच हयातीत घडलं आहे.

(दृश्य : माणदेशातलं उघडं माळरान, कोरडी माण नदी, जुन्या पाझर तलावाची भिंत)

1972 ला गणपतराव हरले. आणि त्याच वर्षी दुष्काळानं महाराष्ट्र होरपळून निघाला. माणदेशातली खिलार जनावरं दावणीला मेली. बायाबापड्या खडी फोडायला बसल्या. आमदारकी नव्हती, पण माणसं होती. कामं काढा, मजुरी वेळेवर द्या, यासाठी शेकाप आणि डाव्या पक्षांनी राज्यभर मोर्चे काढले. या बांधावर आज गवत उगवलंय, त्याच्या खाली त्या वर्षाची माती आहे, डोक्यावरच्या पाटीनं वाहिलेली.

वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळात राज्यभर पसरली. 1977 ला तिचा कायदा झाला आणि 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि तो त्याचा हक्क. देशात पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रानं हे केलं होतं. या इतिहासाचा एक धागा सांगोल्याशी जुळतो. 1999 ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गणपतरावांकडं रोजगार हमी हे खातं आलं, पणनसोबत. 1972 ला ज्या बांधांवर ते मजुरांसाठी भांडत होते, त्या कामांचं खातं सत्तावीस वर्षांनी त्यांच्या सहीवर चालू लागलं. 2002 मध्ये शेकापनं सरकारचा पाठिंबा काढला आणि मंत्रिपद सुटलं.

त्याआधीही एकदा मंत्रिपद मिळालं होतं. 1974 च्या पोटनिवडणुकीत ते सभागृहात परतले, काही काळ विरोधी पक्षनेते झाले आणि 1978 ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री. फेब्रुवारी 1980 मध्ये ते सरकार बरखास्त झालं. दोन्ही वेळा मंत्रिपदाचा काळ थोडाच.

(दृश्य : शेतकरी सहकारी सूतगिरणी, सांगोला. रिंग फ्रेमची लांबच लांब रांग, फिरणाऱ्या बॉबिन)

सांगोला तालुक्यात कापूस पिकत नाही. तरी इथं सूतगिरणी आहे, शेतकऱ्यांच्या मालकीची, सहकारी. कापूस बाहेरून येतो, सूत इथं निघतं. आत शिरल्यावर आधी आवाज अंगावर येतो, मग हवेत तरंगणारा बारीक कापूस दिसतो. धागा तुटला की कामगार चालत्या यंत्रावरच तो दोन बोटांत धरतो आणि सांधून मोकळा होतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

कापूस नसलेल्या तालुक्यात गिरणी काढायची, हा हिशेब त्या काळी अनेकांना पटला नव्हता. पण पाऊस हुकला की ज्या तालुक्यातली तरणी पोरं मुंबईची नाहीतर कारखान्याच्या फडाची वाट धरत, तिथं बाराही महिने चालणारं काम उभं करणं ही गरज होती. राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्या कर्जात बुडाल्या, भंगारात निघाल्या. सांगोल्याची गिरणी नेटक्या कारभारासाठी नावाजली गेली. सहकार म्हणजे खाबुगिरी, असं सरसकट बोलणाऱ्यांनी या फाटकातून एकदा आत यावं.

(दृश्य : आटपाडी परिसर, पाणी परिषदांची जुनी छायाचित्रं, लाल बावटे, बैलगाड्यांतून आलेली माणसं)

आता पाण्याकडं. कृष्णेच्या पाण्याचं राज्याराज्यांतलं वाटप बच्छावत लवादानं केलं. महाराष्ट्राच्या वाट्याला आलं 560 टीएमसी. 31 मे 2000 नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल, अशी लवादाची तरतूद होती. म्हणजे आपल्या हक्काचं पाणी त्याच्या आत अडवलं नाही, तर पुढच्या वाटपात आपली बाजू लंगडी पडणार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला यातलं बरंचसं पाणी अडवायचं बाकी होतं, आणि दुष्काळी तालुक्यांच्या उपसा योजना फाइलींत होत्या.

1993 साली आटपाडीत पाणी परिषद भरली. पुढाकार क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींचा. सोबत गणपतराव देशमुख आणि डॉ. भारत पाटणकर. सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतले 13 दुष्काळी तालुके एका मांडवाखाली आले. पक्ष वेगळे, तालुक्यांची एकमेकांशी चुरस. तरी मागणी एक झाली : कृष्णेचं पाणी उचलून द्या. आणि त्याहून महत्त्वाची दुसरी मागणी : ते समान वाटा.

ही दुसरी मागणी नीट ऐकली पाहिजे. पाणी जमिनीच्या मापानं वाटलं, तर ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, आणि कालव्याच्या डोक्याशी ज्याचं रान तो भाग्यवान. पाणी परिषदेचं म्हणणं असं, की पाणी कुटुंबाच्या हिशेबानं द्या. भूमिहीनालाही त्यात हक्क द्या. बारमाही उसाला पाणी ओतण्यापेक्षा प्रत्येक घराची पोटापुरती शेती भिजेल एवढं पाणी प्रत्येक गावाला पोहोचू द्या. उघड्या पाटाऐवजी बंद नळीतून द्या, म्हणजे टेलचा माणूस डोक्याच्या माणसाच्या मेहरबानीवर राहणार नाही. महाराष्ट्राच्या राजकारणात पाण्याविषयी इतकी न्यायाची गोष्ट दुसऱ्या कुणी इतक्या चिकाटीनं मांडल्याचं आम्हाला दिसत नाही.

1995 ची निवडणूक आली आणि गणपतराव पुन्हा हरले. अवघ्या 192 मतांनी. पुढच्याच वर्षी, 1996 ला, महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, कर्जरोख्यांतून पैसा उभा राहिला, टेंभूसारख्या योजनांची कामं सुरू झाली. ज्या पाण्यासाठी आयुष्य घातलं, त्याचा नारळ फुटताना हा माणूस सभागृहात नव्हता. पाणी परिषदेत मात्र होता. परिषदा भरत राहिल्या. 1999 ला सांगोल्यानं त्यांना परत निवडून दिलं; 2004, 2009, 2014 लाही. मार्च 2012 मध्ये नागनाथअण्णा गेल्यावर चळवळीचं वडीलपण गणपतरावांकडं आलं.

योजना पूर्ण होणं वेगळं आणि पंप चालू राहणं वेगळं. उपसा योजनेचा जीव विजेच्या बिलात अडकलेला असतो. बिल थकलं की वीज तुटायची, पंप बंद, पाटात धूळ. पाच वेळा उचललेल्या पाण्याचा खर्च डाळिंब नाहीतर ज्वारीच्या शेतकऱ्यानं एकट्यानं कसा भरायचा? गुरुत्वानं आपोआप पाणी मिळणाऱ्या तालुक्याला एक दर आणि उचलून घेणाऱ्याला कितीतरी पट, हा अन्याय आहे, असं पाणी परिषद वर्षानुवर्षं सांगत होती. अखेर सरकारनं वीजबिलाचा 81 टक्के भार स्वतःकडं घेतला, शेतकऱ्याकडं 19 टक्के ठेवले. 81-19 हे आकडे आज या भागातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत.

मग खालच्या पातळीवरचं काम. कालवा सल्लागार समितीची बैठक, आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार, किती दिवस चालणार, आधी डोक्याला की आधी टेलला. या बैठकांना प्रसिद्धी नसते. पण हंगाम वाचतो की जातो, ते तिथं ठरतं. टेलपासून सुरुवात करा, मग वर या, हा सांगोल्याचा आग्रह तिथूनच आला.

(दृश्य : बुद्धेहाळ तलाव, डाळिंबाच्या बागा, सांगोला रेल्वे स्थानक)

बुद्धेहाळच्या तलावात टेंभूचं पाणी आलं. माळावर डाळिंब उभं राहिलं. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल सुटली ती याच स्थानकातून, बंगालमधल्या शालिमारला. पुढं तेल्या, मर या रोगांनी आणि खोडकिडीनं कितीतरी बागा उपटाव्या लागल्या.

(दृश्य : गावसभा, लाल बावटा, मतदानाची रांग)

2014 ला आयुष्यातली शेवटची निवडणूक त्यांनी सुमारे 25 हजार मतांनी जिंकली. 2019 ला वयामुळं उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख लढले आणि 768 मतांनी हरले. जिंकले शहाजीबापू पाटील, 1995 लाही तेच जिंकले होते. 2022 मध्ये त्यांच्याच एका फोनवरच्या बोलण्यानं, ‘काय झाडी, काय डोंगार’नं, सांगोल्याचं नाव देशभर झालं. 2024 ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी ही जागा शेकापकडं परत आणली. त्या निवडणुकीत राज्यात शेकापचा निवडून आलेला हा एकमेव आमदार.

कुटुंबाच्या हिशेबानं पाणी, भूमिहीनाचा वाटा, ही मागणी मात्र अजून मागणीच आहे. उजनीच्या पाण्यावरची सांगोला उपसा सिंचन योजना पूर्ण व्हायची आहे. नीरेच्या टेलला आवर्तन पुरं पडत नाही. कालवा सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीतही पहिला प्रश्न तोच असेल : आधी डोक्याला की आधी टेलला?