गार इंजिनाची पहिली दोन मिनिटे

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या थंडीचा विषय निघाला की नाशिककर गालातल्या गालात हसतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. सांताक्रूझला नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश असून ते २२ जानेवारी १९६२ चे आहे; एरवी जानेवारीच्या पहाटे पारा सरासरी १६-१७ अंशांच्या आसपास असतो. तरीही याच दिवसांत आपल्या सोसायट्यांच्या आवारात एखादी जुनी डिझेल गाडी सकाळी सेल्फ मारल्यावर थरथरत उठते, खडखड करते, पांढरा धूर सोडते आणि दोन-तीन मिनिटांनी जणू काही झालेच नाही अशी सुरळीत चालू लागते. आज मी बोलणार आहे ते या दोन-तीन मिनिटांविषयी.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला मूळ आकारमानाच्या साधारण विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. इंडिका किंवा सुमो यांच्या सुरुवातीच्या पिढीतील इंजिनांत हे ज्वलन आधी एका छोट्या कप्प्यात सुरू होते आणि त्या कप्प्याच्या गार भिंती बरीच उष्णता शोषून घेतात; म्हणूनच तिथे हीटर प्लग, म्हणजे विजेने तापून तो कप्पा गरम करणारी छोटी कांडी, बसवलेला असतो. मात्र कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याची ताकद, उत्तम आणि हीटर प्लग शाबूत असलेल्या इंजिनाला १६ अंशांची थंडी जाणवतही नाही. तेव्हा आपली गाडी मुंबईत थरथरत असेल, तर दोष थंडीने निर्माण केलेला नाही. तो आधीपासूनच होता, आणि आपल्या उबदार हवेने दहा महिने त्याच्यावर पांघरूण घातले होते, असे मी मानतो.

खरी पंचाईत पुढे आहे. आपण मुलुंडहून किंवा बोरिवलीहून वाहतुकीतून वाट काढत गॅरेजमध्ये पोहोचतो, तोवर इंजिन चांगलेच तापलेले असते. मिस्त्री बोनेट उघडतो, रेस देऊन ऐकतो आणि म्हणतो, ‘गाडी तर ठीक आहे, साहेब.’ आपण आग्रह धरला, तर नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोंडे, उतरवून तपासायला पाठवले जातात. माझ्या स्वतःच्या गाडीचे असेच झाले. चारही नोझलवर खर्च झाला, गाडी परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तशीच थरथरली. त्यात मिस्त्रीला फारसा बोल लावता येत नाही, कारण त्याला रोगी कधी रोगाच्या वेळी दाखवलाच गेला नव्हता. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवावी आणि सकाळी आपल्यासमोर पहिल्यांदा चालू करायला सांगावे, किंवा मिस्त्रीलाच सकाळी लवकर आपल्या आवारात बोलवावे.

गाडी चालू करताना सर्वांत आधी धूर पाहावा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचते आहे, परंतु पेटत नाही. धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे. आणि सेल्फ बराच वेळ फिरूनही धूरच येत नसेल, तर डिझेल तिथवर पोहोचतच नाही, असे समजावे.

पांढरा धूर आणि मिसिंग (एखादा सिलिंडर न पेटल्याने येणारी थरथर) अशी जोडी दिसली की माझा पहिला संशय हीटर प्लगवर जातो. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागून विझला म्हणजे प्लग तापले, असा आपला समज असतो. परंतु जुन्या गाड्यांत तो दिवा बहुधा केवळ वेळ मोजत असतो. बहुतेक गाड्यांत चारही प्लगना वीज स्वतंत्रपणे मिळते, त्यामुळे एखादा जळला तरी उरलेल्या तिघांवर इंजिन चालू होते आणि चौथा सिलिंडर गरम होईपर्यंत लंगडते. तपासणी अगदी सोपी आहे. प्लगना जोडणारी पट्टी काढावी, १२ व्होल्टच्या टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे एकेका प्लगच्या माथ्याला लावावे. दिवा लागला नाही, तर त्या प्लगची आतली तार तुटलेली आहे. सगळे प्लग शाबूत निघाले, तर चावी फिरवल्यावर पट्टीपर्यंत वीज येते की नाही ते पाहावे, कारण पुष्कळदा प्लगना वीज सोडणारा स्विच, म्हणजे रिलेच, गेलेला असतो. प्लग काम करत नाहीत म्हणून हवेच्या नळीत स्टार्टिंग स्प्रे मारण्याचा उपाय काही जण सुचवतात. तापलेला प्लग आणि ईथर एकत्र आले, तर इंजिन फुटू शकते.

गाडी लगेच चालू होऊन अर्ध्या मिनिटाने अडखळत असेल, तर मात्र लाईनीने एअर धरली आहे का, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे का, ते पाहावे. रबरी नळीला सूक्ष्म चीर पडली की रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरते आणि त्याची जागा हवा घेते. फिल्टरनंतर तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. त्याच वेळी फिल्टरच्या तळचा स्क्रू सैल करून साचलेले पाणीही काढावे. आपल्या पावसाळ्यानंतर ते हमखास निघते.

कोणता सिलिंडर लंगडा आहे हे ओळखण्यासाठी जुने मिस्त्री इंजिन गार असतानाच नोझलच्या नळीचा नट एकेक करून सैल करतात. ज्याने आवाजात फरक पडत नाही, तो दोषी. ही युक्ती जुन्या यांत्रिक पंपापुरतीच आहे, आणि तीही डोळ्यांवर चष्मा लावून, हात दूर ठेवूनच करावी. कॉमन रेल गाडीत, म्हणजे सर्व नोझलना एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाचे डिझेल पुरवणाऱ्या नव्या पद्धतीच्या गाडीत, दाब १,००० बारच्याही वर जातो. तिथे सुटलेली धार कातडी भेदून आत शिरते.

एवढे होऊनही तोच सिलिंडर अडखळत राहिला, तर नोझल, आणि त्यानंतर कॉम्प्रेशन. डिझेल गोठल्याची शंका मुंबईत मनात आणू नये. ती लडाखची अडचण आहे, जिथे उणे ३३ अंशांपर्यंत टिकणारे खास डिझेल २०१९ पासून मिळते. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचे मोजून घ्यावे, कारण इथे एकट्या आकड्यापेक्षा आपसातली तफावत अधिक बोलकी असते. एकच सिलिंडर खूप खाली असेल, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचे काम निघते. चारही सारखेच उतरले असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, आणि अशा वेळी पंधरा वर्षांच्या फेरनोंदणीचा खर्चही त्याच कागदावर मांडून बघावा.

माझ्या गाडीचा तिसऱ्या सिलिंडरचा हीटर प्लग जळलेला निघाला. नोझलवर झालेल्या खर्चाच्या मानाने त्याची किंमत सांगायलाही संकोच वाटतो.