चढणीचं दुखणं चढणीवर तपासा

(गोव्यातल्या साखळी येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला ‘मोटारींचा डॉक्टर’ करून टाकलं. मी वर्कशॉपात पोरांना शिकवून निवृत्त झालेला माणूस. पण पदवी फुकट मिळतेय तर नको का म्हणा! शिवाय ती आज माझ्या सोयीची आहे. जिना चढताना छातीत दुखतं असं सांगितलं, तर डॉक्टर माणसाला झोपवून नुसती नाडी बघत नाहीत, पट्ट्यावर चालवतात. मग घाट चढताना गाडीचा दम जातो असं सांगितल्यावर आमचे मेकॅनिक तिला गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर का फिरवून आणतात? माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे. पण संयोजकांनी पाऊण तास दिलाय, तेव्हा बसा.

साखळीकरांना चोर्ला घाट मी काय सांगणार? लग्नाची खरेदी बेळगावला, मोठं दुखणंखुपणं निघालं की बेळगावला, आणि वाटेत केरी सोडली की चढण सुरू. फोंड्याचे लोक अनमोड घाटाचं कौतुक सांगतात. सांगू देत. त्यांचं व्याख्यान वेगळं ठेवा.

हिशेब बघा. १,२०० किलोची गाडी सपाटीवर ताशी ४० किलोमीटरने जाते तेव्हा तिला चार-पाच अश्वशक्ती पुष्कळ झाली. तीच गाडी त्याच वेगाने दहास एक अशा चढणीवर घातली, की नुसतं वजन वर ओढायला आणखी १७-१८ अश्वशक्ती लागते. म्हणजे काम जवळजवळ पाचपट. सपाटीवर गाडीचा दोष लपतो तो यामुळे. इंजिनाकडे कोणी काही मागतच नाही, तर ते नाही कशाला म्हणेल? (हे वाक्य घरात बोलून बघू नका.)

आता कोणीतरी उठून म्हणणार, “सर, वर हवा विरळ असते.” चोर्ला सुमारे ८०० मीटरवर. तिथे साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद ७-८ टक्क्यांनी घटते. तेवढ्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुडघे टेकत नाही. आणि आपली गाडी तर पहिल्या दोन-तीन वळणांतच मान टाकते, तिथे कुठली आलीय विरळ हवा?

आमच्या भावोजींची गोष्ट सांगतो. पेट्रोलची छोटी गाडी, गावात सुरेख चालायची. घाटात मात्र ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी पिकअप नाही, आणि मागे ट्रकवाल्याचा हॉर्न. गॅरेजचं नाव घेत नाही. तिथे आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग थ्रॉटल बॉडी साफ केली, मग इंजेक्टर. प्रत्येक वेळी पोरगा चौकापर्यंत चक्कर मारून यायचा आणि सांगायचा, “बाब, गाडयेक कांयच जावंक ना.” भावोजी बिल द्यायचे, रविवारी बेळगावला निघायचे आणि केरीच्या पुढून मला फोन करायचे. बहीण शेजारी बसून म्हणायची, गाडीला कोणाची तरी दृष्ट लागलीय. नारळसुद्धा उतरवून झाला. खर्चाच्या मानाने तोच उपाय स्वस्त होता म्हणा.

शेवटी मी फुएल प्रेशरचा गेज घेऊन गेलो. नळी रेलला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या पाइपाला जोडली, बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज वायपरखाली काचेला बाहेरूनच चिकटवला. पेट्रोलने भरलेली नळी गाडीच्या आत कधीही आणायची नाही, हे पोरांनो लिहून घ्या. पायथ्याशी काटा तीन बारवर, त्या गाडीला हवा तेवढा. पहिल्या वळणानंतर तो थरथरू लागला. तिसऱ्या वळणावर दोनच्या खाली, आणि त्याच क्षणी गाडीने मान टाकली. भावोजी काट्याकडे असे बघत होते, जणू चोर रंगेहाथ सापडला.

टाकीतला पंप बाहेर काढला तर खालच्या जाळीवर तपकिरी साय धरलेली. सपाटीपुरतं पेट्रोल तिच्यातून झिरपत होतं, चढणीपुरतं नाही. टाकी धुतली, जाळी बदलली. पंपही बदलला, कारण उपाशी राहून राहून तो घरघरायला लागला होता.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय: पाच मिनिटं. निदानाचा क्रम सांगायचं कबूल केलं होतं, तो आता धावतच सांगतो.

पहिला प्रश्न: दम जातो तेव्हा आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, वाढतो का? इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. इंजिनाला हातही लावू नका. आरपीएमही पडत असेल तर चाकांजवळ हात नेऊन बघा. एखादं चाक तापलेलं असेल तर ब्रेक चिकटलाय.

मग एअर फिल्टर. आपल्याकडे खाणींची लाल धूळ त्यात किती बसते ते डिचोलीकरांना विचारा. शिवाय पावसाळ्यात त्या डब्यात उंदीर काथ्या आणून बाळंतपण उरकतात, झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. मग गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर लावा, पण चढणीवर, शेजारी दुसरा माणूस बसवून. फुएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोलच्या मात्रेत करतो ती दुरुस्ती, अधिककडे १५-२० टक्के गेला तर एक तर पेट्रोल कमी पडतंय, नाही तर हवा मोजणारा सेन्सर खोटं बोलतोय. इथे गेज लावायचा. पेट्रोलचा दाब टिकतो आणि भाराखाली गाडी मिसिंग मारते, म्हणजे मध्येच एखाद्या सिलिंडरात पेट्रोल पेटत नाही, तर प्लग आणि कॉइल बघा. तेही ठीक असेल तर सायलेन्सरच्या आधीचं, धूर स्वच्छ करणारं कॅटलिटिक कन्व्हर्टर चोंदलंय का बघा: इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणारा व्हॅक्युम गेज लावून आरपीएम अडीच हजारावर धरा, काटा हळूहळू उतरत गेला तर धूर बाहेर पडायला वाट नाही. कन्व्हर्टर बदलाल तेव्हा ते चोंदलं कशाने तेही शोधा, बहुधा जुनं मिसिंगच निघेल. टर्बोवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या इंजिनात हवा दाबून भरली जाते त्यांनी, आधी ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची नळी बघावी. फाटलेली असेल तिथे तेलाचा ओघळ असतो आणि दाबलं की फुस्स आवाज येतो.

दोन प्रश्न घेतो. मागच्या रांगेतले गृहस्थ मघापासून हात वर करून आहेत, डिझेलवाले असणार.